बक्षिसाखाली कारण: प्रदर्शनाच्या कामाची वही

९ नोव्हेंबर, रविवार

आमच्या कोल्हापूरच्या चित्रप्रदर्शन मंडळाची बैठक माझ्याच फ्रेमच्या दुकानात झाली, कारण हॉलची किल्ली ज्याच्याकडं तो शेतावर. सात माणसं, चार स्टुलं, बाकीचे काचेच्या पेट्यांना टेकून. दोनदा ओरडावं लागलं, टेकू नका म्हणून.

विषय एकच होता. गेल्या वर्षी निकाल लागल्यावर कुणीतरी हॉलच्या वहीत लिहून गेलं होतं, "बक्षिसं घरातल्या घरात." तसं काही नव्हतं, पण नव्हतं हे दाखवणार कसं? मी सुचवलं, यंदा प्रत्येक बक्षिसाच्या चित्राखाली चार ओळी लावायच्या. बक्षीस का दिलं ते साध्या मराठीत. परीक्षकांनी सांगायचं, मी उतरवून घ्यायचं.

अध्यक्ष काका म्हणाले, "बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची. १९३७ साली चित्रकार अमृता शेरगिलला सुवर्णपदक दिलं. तिनं कारण मागितलं होतं का?"

आमच्या ड्रॉइंगच्या बाई हळूच म्हणाल्या, "मागितलं नाही, पण त्याच्या दोनच वर्षं आधी सिमल्याच्या सोसायटीचं बक्षीस तिनं परत पाठवलं होतं. निवड पटली नाही म्हणून."

ठराव मंजूर. चहा माझ्या खात्यावर.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रवेशिकेचा फॉर्म छापायला दिला. गेल्या वर्षीचाच, फक्त तारखा बदलल्या. नियम ४: "कलाकृती मूळ असावी." तीन शब्द. कुणालाच त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. मलाही नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

प्रवेशिकांचा शेवटचा दिवस. दुपारी चारपर्यंत ६१, आणि चार ते सात या वेळात ३३. एकूण ९४. दरवर्षी असंच होतं, तरी दरवर्षी आम्ही सकाळी तिघं बसतो आणि संध्याकाळी एकटा.

दोन ऑइल ओली आली. एकाचा अंगठा निळा, त्याच्या रिक्षावाल्याच्या सीटवरही निळा. ओलं चित्र पुठ्ठ्यात गुंडाळून आणू नये, हे फॉर्मवर लिहायला हवं. चारी कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे लावले की पुढचा पृष्ठभाग कशाला टेकत नाही. दुकानात बुचं पिशवीभर आहेत, कुणी विचारलं असतं तर दिली असती.

टेबलावर बसलेल्या आमच्या पोरानं एका कॉलेजच्या मुलीची सहा लिनोकट "झेरॉक्स" म्हणून परत पाठवायला काढली होती. तिनं बिचारीनं खाली पेन्सिलनं २/१० असं लिहिलं होतं, त्यावरून ह्यानं ठरवलं की दहा प्रती म्हणजे झेरॉक्सच. बसवून समजावलं. लिनोच्या, म्हणजे कोरता येणाऱ्या मऊ शीटच्या, तुकड्यावर उलटं चित्र कोरायचं, जे पांढरं हवं ते खणून काढायचं, उरलेल्यावर रूळ फिरवून शाई लावायची आणि कागद दाबायचा. प्रत्येक छाप हाताचा. त्यातला हा दुसरा. पोरगं म्हणालं, "मग पैल्याला किंमत जास्त का?" हा प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचा.

१ डिसेंबर, सोमवार

रात्री दुकान बंद करून विषयवार मोजदाद केली, निव्वळ हौस म्हणून. रंकाळा तलाव ११, त्यातले पाण्यातल्या संध्यामठासकट ९. अंबाबाईचं शिखर ६. बैल ७. पन्हाळ्याचा तीन दरवाजा ४. फेटेवाले म्हातारे ८.

रंकाळ्याला नावं ठेवत नाही. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान आयुष्यभर त्याच पाण्याच्या काठी बसले. महाराज १९२२ साली गेले तेव्हा दुःखानं आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली, असं इथं अजून सांगतात. पण आबालाल पाणी बघायला जायचे. आमच्या अकरांतले निम्मे आबालालांचं चित्र बघायला जातात आणि वाटेत तळं लागतं, असं मला वाटतं. (हे वहीतच राहू दे.)

६ डिसेंबर, शनिवार. परीक्षण

तिन्ही परीक्षक बाहेरगावचे. एक जलरंगवाले सर, एक निवृत्त शिल्पकार, एक मुद्राचित्रण (कोरून छापायची चित्रं) शिकवणाऱ्या मॅडम. चित्रांवरची नावं कागदाच्या पट्टीनं झाकली, फक्त क्रमांक. झाकायचं काम मीच केलं होतं. तरी तीन ठिकाणी सही चित्रातच ठसठशीत, आणि एका ठिकाणी सहीखाली मोबाइल नंबर.

पहिली फेरी हातांच्या खुणांवर: अंगठा वर, खाली किंवा आडवा. ९४ मधून ५८ भिंतीवर जाणार. तासाभरात आटोपलं. एका चित्रापुढं सरासरी मिनिटसुद्धा नाही. एवढ्या वेळात मी माउंटचा, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याचा, रंगही ठरवत नाही. पण ते म्हणाले, नको ते लगेच कळतं, वेळ हव्या असलेल्यांना लागतो.

दुसरी फेरी दहापैकी गुणांची, प्रत्येकानं स्वतंत्र कागदावर. मी बेरजा केल्या:

गुऱ्हाळाचं जलरंग ९, ७, ८. चोवीस.
फेटेवाल्या म्हाताऱ्याचं ऑइल ८, ८, ७. तेवीस.
संध्यामठ, पहाटेचा, ७, ८, ७. बावीस.
चामड्याचं काम, "उरलेलं", ३, ९, ९. एकवीस.

म्हणजे बेरजेप्रमाणं संध्यामठ तिसरा आणि चामडं बाहेर. मी निकाल वाचून दाखवला आणि तिघंही गप्प. मग मॅडम म्हणाल्या, "संध्यामठ तुमच्यापैकी कुणाच्या मनात होता?" कुणाच्याच नाही. कुणालाच तो खास आवडला नव्हता, कुणालाच खुपलाही नव्हता. सरासरीत असंच होतं म्हणे: ज्याच्यावर भांडण होत नाही ते वर सरकतं. त्यांनी गुणांचे कागद उलटे करून ठेवले आणि बोलायला सुरुवात केली. हा सगळ्या दिवसातला कामाचा भाग. मी भराभर लिहीत होतो, हात दुखला.

तीन गुण जलरंगवाल्या सरांचे. "हे हस्तकलेच्या स्टॉलवर शोभेल. चामड्याचे तुकडे फळीवर चिकटवलेत."

काम असं आहे: दोन बाय तीन फूट. कोल्हापुरी पायताण कापताना उरतात ते तुकडे, तळाचे जाड, पट्ट्याचे पातळ, वेणीची टोकं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचे सगळे तपकिरी रंग, कच्च्या बिस्किटापासून काळ्या चहापर्यंत. रंग वरून लावलेला एकही नाही. लांबून जोतिबाच्या डोंगरावरून खाली दिसतात तशी शेतं वाटतात. पाठवणारा माणूस चप्पल लाइनीत, म्हणजे पायताणांच्या बाजारात, बसतो. माझ्याकडं आला तेव्हा म्हणाला, "फ्रेम घालू नका. कड दिसली पायजे."

शिल्पकार काही बोलले नाहीत. त्यांनी मला खूण केली आणि आम्ही दोघांनी ते काम पालथं केलं. फळी नव्हतीच. मागं सगळी चामड्याच्या वादीची शिवण. एक खिळा नाही, डिंकाचा थेंब नाही, पायताण शिवतात तसंच. आणि ताण असा सांभाळलेला की दोन बाय तीनचा तुकडा कुठं झोळ खात नव्हता. गेली बावीस वर्षं मी चित्रं मागच्या बाजूनं बघतोय, त्यामुळं ह्या बाबतीत माझं मत धरावं: मागची बाजू इतकी नीट मी फार थोड्या वेळा बघितलीय.

सर दोन मिनिटं वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "मी पुढूनच बघितलं." आणि दुसरं बक्षीस.

गुऱ्हाळावर वाद झाला नाही. फेटेवाल्यावर थोडा. मॅडमना तो गुळगुळीत वाटला, "कॅलेंडरचा". शिल्पकार म्हणाले, "बाकीचं मान्य. पण कान बघा. एवढ्या चेहऱ्यात कान तेवढा जिवंत आहे." कानासाठी तिसरं, असं हसण्यावारी ठरलं. ठरलं मात्र पक्कं.

विद्यार्थी गटात एकमतानं लिनोकटवाली. सहा छाप, सहा खोल्या, सगळ्या खोल्यांत भिंतीवर पुराची रेघ. ऑगस्ट २०१९. त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३. ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांना आकडे सांगायला लागत नाहीत, भिंत पुरते. एका छापात भिंतीवरच्या कॅलेंडरची अक्षरं उलटी आहेत. सर भारावून म्हणाले, "पाण्यातलं प्रतिबिंब! केवढी कल्पना!" मी तेही उतरवून घेतलं.

७ डिसेंबर, रविवार

कारणं लिहायला बसलो. वाटलं होतं तासाचं काम. संध्याकाळ झाली.

बोलताना माणूस "लय" म्हणतो, "ताल" म्हणतो, "अवकाश" म्हणतो. लिहायला घेतलं की हाताशी काही राहत नाही. पहिल्या मसुद्यातले असे चौदा शब्द खोडले. ड्रॉइंगच्या बाईंनी युक्ती सांगितली: चित्रात बोट ठेवता येईल तेच लिहायचं. गुऱ्हाळासाठी मग असं झालं:

"वाफ पांढऱ्या रंगानं काढलेली नाही. तो कोरा ठेवलेला कागद आहे. काहिलीभोवतीची माणसं रंगवताना वाफेची जागा शेवटपर्यंत सांभाळली आहे. पाक उतरवण्याच्या क्षणाची घाई माणसांच्या पाठींतून दिसते."

जलरंगात हे अवघड का, ते फ्रेमवाल्यालाही माहीत असतं. ऑइलमध्ये चुकलं तर वरून पांढरा लावता येतो. कागदावर एकदा रंग गेला की तो पांढरा गेला. अर्धा इम्पीरियल कागद, १५ बाय २२ इंच, त्यातला तिसरा हिस्सा चित्रकर्तीनं हात न लावता सोडलाय.

लिनोवालीला फोन केला, कारणात कॅलेंडरचा उल्लेख करतोय म्हणून. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "काका, ते विसरले मी. अक्षरं उलटी कोरायची असतात ना, ती सुलटी कोरली. दुसरा लिनो आणायला पैसे नव्हते म्हणून तसंच ठेवलं."

सरांना कळवलं. खूप हसले. प्रतिबिंब खोडलं. त्या जागी लिहिलं, "सहाही खोल्यांत पाण्याची रेघ एकाच उंचीवर आहे."

१० डिसेंबर, बुधवार. मांडणी

आणि ती रेघ एकाच उंचीवर येईना! सहा फ्रेमांत माउंट सहा तऱ्हेचं. कुठं खाली दोन इंच, कुठं तीन. शेजारी शेजारी लावल्या की पाणी पायऱ्या चढतंय असं दिसायचं. मुलीची परवानगी घेतली, सहाही उघडल्या, रात्री दुकानात नवं माउंट कापलं. छापातल्या रेघेपासून माप घेतलं, कागदाच्या कडेपासून नाही. साडेअकराला लावून बघितल्या. रेघ सरळ भिंतभर. एकटाच होतो, तरी मागं सरकून सरकून बघत बसलो.

बाकी ५२ कामं दिवसात लागली होती. मध्य जमिनीपासून पावणेपाच फूट, सगळीकडं. उंच माणसं कुरकुरतात, त्यांना कुरकुरू द्यावं. समोरच्या खिडकीमुळं काचेत ट्यूबलाइट दिसते ती अजून जात नाही. काचेची वरची कड किंचित पुढं झुकवली, मागं बुचाचा तुकडा घालून. बरंच निभलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

हे लिहायला नको वाटतंय.

दुकानातला पोरगा डबा द्यायला हॉलवर आला. फेटेवाल्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, ही फ्रेम आपणच केलीया की. त्या हायवेच्या हॉटेलासाठी."

गेल्या मे महिन्यात हॉटेलसाठी बारा फोटोंच्या फ्रेमा केल्या होत्या. बिलबुकाबरोबर मी कामाचे फोटो ठेवतो. मोबाइल काढून बघितलं. तोच म्हातारा, तोच उजेड, खांद्यावरचं घोंगडंही त्याच घडीचं. कुणा छायाचित्रकाराचा फोटो, त्यावरून चित्र. फेट्याचा रंग बदललाय आणि कानाशी काहीतरी वेगळं आहे, बाकी सगळं जसंच्या तसं. तो फोटो माझ्या हातातून गेला होता. मी त्याला काच बसवली होती. तरी ओळखला नाही. पोरग्यानं डबा हातात धरून ओळखला.

चित्रकाराला फोन. विशीतला मुलगा. लपवालपवी केली नाही. "इंटरनेटवरचा फोटो होता. मूळ म्हणजे हातानं काढलेलं असावं, प्रिंट नसावी, असं वाटलं मला." फॉर्म काढून बघितला. नियम ४, तीन शब्द. त्याला वाटलं ते चूक म्हणायला त्या तीन शब्दांत काही नाही.

तरी बक्षीस ठेवता येईना. ज्यानं त्या म्हाताऱ्याला शोधलं, उजेडासाठी थांबला, त्याचं नाव कुठंच नाही. परीक्षकांना विचारलं, तिघांचंही मत काढून घ्यावं. मग चौथ्या क्रमांकाला वर घ्यायचं का? काका म्हणाले घ्या, बक्षिसाची ढाल तयार आहे, देणगीदार उद्या येणार. मॅडम फोनवर म्हणाल्या, "संध्यामठ कुणाच्या मनात नव्हता. परवाही नव्हता, आजही नाही." काकांचा चेहरा पडला. तिसरं बक्षीस रिकामं ठेवायचं ठरलं.

चित्र उतरवलं. खिळा राहू दिला. खाली चिठ्ठी लावली:

"तृतीय पारितोषिक यंदा दिलेले नाही. निवडलेले चित्र दुसऱ्या व्यक्तीच्या छायाचित्रावरून, परवानगी न घेता केलेले असल्याचे नंतर समजले. आमच्या नियमात याबद्दल स्पष्ट लिहिलेले नव्हते, ही चूक मंडळाची."

शेवटच्या वाक्यावर काकांशी वीस मिनिटं. राहिलं ते वाक्य.

१३ डिसेंबर, शनिवार. उद्घाटन

भाषणं लांबली. ढाल टेबलाखाली. सगळ्यात जास्त गर्दी रिकाम्या खिळ्यासमोर.

१४ डिसेंबर, रविवार

आज दिवसभर माणसं. एक आजोबा गुऱ्हाळाची वाफ बघून म्हणाले, "हळदणकरांची ती दिवा घेतलेली बाई, म्हैसूरला आहे, तीपण जलरंगच." बरोबर आहे. जगनमोहन पॅलेसमधलं सावळाराम हळदणकरांचं चित्र, बोटांच्या फटींतून येणारा तो लालसर उजेड. ज्या मुलीला त्यांनी दिवा धरायला उभं केलं ती त्यांचीच, गीता. लग्नानंतर उपळेकर. त्या इथं कोल्हापुरातच राहायच्या, २०१८ साली शंभरी ओलांडून गेल्या. आणि लोक ते चित्र खुशाल रविवर्म्याचं समजतात. चिठ्ठी लावूनही समजतात, म्हणजे चार ओळींवर फार भिस्त ठेवायला नको.

पण आजची खरी गोष्ट दुपारची. करवीर तालुक्यातला एक गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, आला, नातीला घेऊन. नातीचं चित्र बालगटात होतं. गुऱ्हाळापुढं थांबला. चिठ्ठी नातीकडून वाचून घेतली. मग मला म्हणाला,

"पाक उतरायचा क्षण न्हाई ह्यो."

"म्हणजे?"

"फेस बगा की. मळी काढून झाल्याली हाय, भेंडीचं पाणी पडून गेलंय, फेस हळदीगत पिवळा धरलाय. पन बारीक न्हाई झाला अजून. उतरायला अर्धा तास हाय. आन् ही गडीमाणसं आत्ताच पाक वतायच्या वाफ्याकडं तोंड करून हुबी. ह्यांचा गूळ चिकट हुनार, ढेप धरायची न्हाई." मग जरा थांबून, "फेस मातूर झकास काढलाय. बसून बघितल्याशिवाय येत न्हाई."

चित्रकर्तीला फोन लावून दिला त्याच्याकडं. दोघं बराच वेळ बोलले. ती सहा दिवस गुऱ्हाळावर बसली होती. काहील एका दिवशीची, माणसं दुसऱ्या दिवशीची, वाफ तिसऱ्या. घरी येऊन जुळवलं. तिनं कबूल केलं आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या गुऱ्हाळावर यायचं ठरवून टाकलं.

माझ्या चिठ्ठीतलं घाईचं वाक्य पेन्सिलनं खोडलं. वर लिहिलं, "फेसाच्या रंगावरून काहील कुठवर आली ते जाणकाराला ओळखता येते." तिघा परीक्षकांना न विचारता केलं. रात्री कळवलं, सरांनी फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

गर्दी नाही. दोन शाळा. मुलं चामड्याचा वास घेऊन जातात, "हात लावू नये" लिहिलंय, वासाबद्दल काही लिहिलेलं नाही.

चप्पल लाइनवाला स्वतः दुपारी आला. आपल्या कामाकडं फारसं बघितलं नाही, चिठ्ठी तेवढी वाचली. त्यात "मागील बाजूची शिवण" असं आहे, पण भिंतीवर लावल्यावर मागील बाजू कुणाला दिसणार? त्याचं म्हणणं रास्त. काम भिंतीपासून काढून दोन स्टँडमध्ये उभं केलं, आता फेरी मारता येते. हे मला दहा तारखेलाच सुचायला हवं होतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

शेवटचा दिवस. पुढच्या वर्षीच्या फॉर्मसाठी नियम ४ नव्यानं लिहिला: "फोटोवरून काम केलं असल्यास फोटो कुणाचा ते लिहावे. दुसऱ्याचा असल्यास त्याची लेखी परवानगी जोडावी. स्वतः काढलेला असल्यास तसे नमूद करावे." बाई म्हणाल्या, ह्यानं प्रवेशिका निम्म्या होतील. झाल्या तर भिंतीला मोकळी जागा मिळेल.

१९ डिसेंबर, शुक्रवार. परतावा

सकाळी दहापासून लोक आपापली कामं न्यायला. पावती दाखवा, सही करा, घेऊन जा. संध्यामठवाल्यांनी विचारलं, चौथा नंबर लागला होता का? हो म्हणालो. खूश होऊन गेले.

अंधार पडल्यावर फेटेवाला मुलगा आला. चादर घेऊन आला होता गुंडाळायला. मी बुचाचे चार तुकडे कोपऱ्यांना लावून दिले. सही केली, पण निघेना.

"परीक्षकांनी काही लिहिलं होतं का? आधी, म्हणजे बक्षीस दिलं तेव्हा."

वही काढली. सहा तारखेचं पान. वाचून दाखवलं: बाकीचं मान्य, पण कान बघा, एवढ्या चेहऱ्यात कान तेवढा जिवंत आहे.

त्यानं चादर पुन्हा सोडली आणि चित्राकडं बघितलं. "फोटोत कान नाही," म्हणाला. "फेटा खाली आलाय, झाकलाय. मग मी आमच्या आजोबांचा काढला. दोन संध्याकाळी बसवलं होतं त्यांना, सारखे झोपायचे."

मोबाइलवर तो फोटो परत उघडला. खरंच, कान नाही.

चित्र गुंडाळून दोघांनी मिळून त्याच्या गाडीवर बांधलं. वर आलो, भिंतीवरचे खिळे काढले. ५७ भरले, अठ्ठावन्नावा वाकला म्हणून टाकून दिला. हॉलची किल्ली शेजारी ठेवली.